यंत्रणेचे मागणीपत्र कोणी लिहावयाचे?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक-प्रणाली बंद पडली. बाह्यरुग्ण विभागातील नोंदणी, रुग्णांना दाखल करून घेणे, तपासण्यांचे अहवाल, देयके ही सारी कामे ज्या प्रणालीवर चालत होती, तिच्यातील माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद करून टाकली होती. सरकारने पुढे संसदेत सांगितले की ५ सर्व्हर व सुमारे १.३ टेराबाइट माहिती या हल्ल्यात सापडली. रुग्णालयाचे काम थांबले नाही. त्याचे श्रेय डॉक्टर, परिचारिका व कारकून यांचे. त्यांनी कागद व लेखणी हाती घेतली आणि सुमारे दोन आठवडे कारभार हाताने चालविला. परंतु या काळात बिहार व उत्तर प्रदेशातून रात्रभर प्रवास करून आलेल्या गरीब रुग्णांच्या रांगा लांबल्या आणि अहवालांसाठी खेपा वाढल्या. खाजगी रुग्णालयाचा दरवाजा ज्याला उघडा असतो तो अशा वेळी तिकडे जातो. ज्याला तो बंद असतो तो रांगेतच उभा राहतो.

या घटनेनंतर सर्वत्र एकच प्रश्न विचारला गेला. हल्ला कोणी केला? शेजारच्या कोणत्या देशातून केला? हा प्रश्न पोलिसांचा आहे आणि तो त्यांनी अवश्य सोडवावा. परंतु लोकशाही समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. ही प्रणाली उभी राहण्यापूर्वी, अशा दिवशी तिने कसे वागावे, हे कोणी कोठे लिहून ठेवले होते काय? लिहिले असल्यास लिहिणाऱ्यांत परिचारिका होती काय, नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून होता काय, रुग्णांच्या बाजूने बोलणारे कोणी होते काय?

कोणतीही संगणक-प्रणाली तयार करण्यापूर्वी तिच्याकडून काय अपेक्षित आहे याचा एक दस्तऐवज तयार केला जातो. प्रणालीने कोणती कामे करावीत, किती वेळात करावीत, कोणाला काय दिसावे व काय दिसू नये, हे त्यात लिहिलेले असते. यालाच आवश्यकता निश्चित करणे म्हणतात. पुढे निविदा निघते ती या दस्तऐवजावर, कंत्राटदाराचे पैसे चुकते होतात ते त्याच्याच आधारे, आणि काम नीट झाले की नाही याचा निवाडाही त्यावरूनच होतो. कामगार संघटनेत काम केलेल्या माणसाला हे नवे वाटू नये. मालकापुढे ठेवावयाच्या मागणीपत्राचेही असेच असते. जे कलम मागणीपत्रात नाही ते करारात येत नाही, आणि जे करारात नाही त्यासाठी मालकाला जाब विचारता येत नाही. संगणक-प्रणालीचा आवश्यकता-दस्तऐवज हे त्या यंत्रणेपुढे ठेवलेले मागणीपत्रच होय. खेदाची गोष्ट अशी की हे मागणीपत्र आज बहुधा खरेदी करणारा अधिकारी व विकणारी कंपनी असे दोघेच मिळून लिहितात, आणि त्यात प्रणालीने चांगल्या दिवशी काय करावे एवढेच प्रामुख्याने असते. वाईट दिवसाचे कलम कोरे राहते.

वाईट दिवसाचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने कसा झाला, याचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी एक आज्ञावली तेव्हाच्या इंटरनेटच्या जाळ्यात शिरली. त्या वेळी या जाळ्यावर सुमारे ६० हजार यंत्रे होती. त्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास बाधित झाल्याचा अंदाज होता. त्या धक्क्यानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत अशा प्रसंगांना तोंड देणारे एक केंद्र स्थापन झाले. ही संस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालते, हे विसरता कामा नये. परंतु तेथील अभ्यासकांनी १९९० नंतरच्या दशकात मांडलेला विचार लष्करापेक्षा रुग्णालयाला व शिधावाटपाला अधिक उपयोगी आहे.

तो विचार असा. कोणतीही प्रणाली अभेद्य नसते. कितीही उंच भिंत बांधली तरी कोणीतरी ती ओलांडणारच, आणि कोणी ओलांडली नाही तरी आतले एखादे यंत्र आपोआप बिघडणारच. म्हणून भिंत बांधून थांबू नये. हल्ला, बिघाड किंवा अपघात यांपैकी काहीही घडले तरी प्रणालीने आपले मूळ कार्य वेळेवर पार पाडले पाहिजे, ही तिच्याकडून अपेक्षा असावी. यातील ‘मूळ कार्य’ आणि ‘वेळेवर’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. रुग्णालयाचे मूळ कार्य रुग्णाला बरे करणे आहे, सर्व्हर चालू ठेवणे हे नव्हे. सर्व्हर बंद असताना रुग्णाला योग्य रक्त योग्य वेळी मिळाले तर यंत्रणा टिकली असे म्हणावे. सर्व्हर चालू असताना मिळाले नाही तर ती कोसळली असे म्हणावे.

अशा टिकाऊपणासाठी चार गुण लागतात. हल्ल्याचा प्रतिकार करणे; प्रतिकार फसला तर ते ताबडतोब ओळखणे; ओळखल्यावर अत्यावश्यक सेवा चालू ठेवून उरलेल्या क्रमाने पूर्ववत करणे; आणि झालेल्या घटनेपासून धडा घेऊन स्वतःत बदल करणे. या चारही गुणांची कलमे आधी लिहिली गेली पाहिजेत. मागाहून ती जोडता येतात. पण ते काम घर बांधून झाल्यावर पाया खणण्यासारखे खर्चिक असते.

यातील पहिली पायरी म्हणजे अत्यावश्यक सेवा कोणत्या आणि गैरसोय सोसूनही थांबवता येतील अशा सेवा कोणत्या, हे ठरविणे. वरवर पाहता ही तांत्रिक यादी वाटते. वस्तुतः हा राजकीय निर्णय आहे. अर्धीच वीज, अर्धीच माणसे व अर्धीच यंत्रे हाती असताना आधी कोणाचे काम करावयाचे, याचे उत्तर त्यात असते. आपत्कालीन विभागातील नोंद आधी की विमा कंपनीला पाठवावयाचे देयक आधी? रक्तगटाचा अहवाल आधी की मंत्रालयाला जाणारा मासिक तक्ता आधी? हा क्रम लोकांनी ठरविला नाही तर तो ठरत नाही असे नाही. तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या सोयीने ठरतो. शिवाय या कलमांत मोजमाप हवे. ‘सेवा लवकरात लवकर पूर्ववत करावी’ हे वाक्य सरकारी कागदावर शोभून दिसते, पण त्याची अंमलबजावणी कोणी तपासू शकत नाही. ‘तातडीच्या तपासणीचा अहवाल, संगणक बंद असला तरी, एका तासाच्या आत वॉर्डात पोहोचला पाहिजे’ हे कलम तपासता येते, आणि न पाळल्यास जबाबदारी निश्चित करता येते.

दिल्लीच्या प्रकरणात सरकारने जे कारण संसदेत सांगितले ते बोलके आहे. संस्थेचे संगणक-जाळे योग्य रीतीने विभागलेले नव्हते. जहाजाच्या तळाशी स्वतंत्र कप्पे केलेले असतात ते एका ठिकाणी भोक पडले तर सबंध जहाज बुडू नये म्हणून. जाळ्याचेही तसेच असावे लागते. आणि जे वाचले ते कशामुळे, हेही पाहण्यासारखे आहे. रुग्णसेवेच्या प्रणालीची माहिती एका वेगळ्या सर्व्हरवरील प्रतीतून परत मिळाली, कारण हल्ल्याची झळ तेथवर पोहोचली नव्हती. म्हणजे जेथे वेगळेपण राखले होते तेथे बचाव झाला, जेथे राखले नव्हते तेथे नुकसान झाले. ‘माहितीची एक प्रत नेहमी मुख्य जाळ्यापासून तुटलेल्या जागी ठेवावी व ती खरोखर परत वापरता येते की नाही हे ठराविक काळाने करून पाहावे’ हे दोन ओळींचे कलम आहे. त्याला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गरज आहे ती ते लिहून घेणाऱ्याची.

हल्ला ओळखण्याच्या बाबतीत पुण्याचा अनुभव ताजा ठेवावयास हवा. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. एटीएममधून पैसे काढण्याची विनंती आली की ती बँकेच्या मूळ हिशेबाशी ताडून मंजूर व्हावी, अशी रचना असते. हल्लेखोरांनी मध्ये आपलाच एक बनावट दुवा उभा केला. विनंत्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्या परस्पर मंजूर होत गेल्या. शनिवारी २८ देशांतील यंत्रांतून हजारो व्यवहारांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, काही रक्कम भारतातही निघाली, आणि सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठविले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक आहे. ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, हे खरे. पण सहकारी बँकेचे नुकसान अखेर सभासदांचेच नुकसान असते. येथे शिकावयाचा धडा जुन्या हिशेबनिसाला ठाऊक असलेलाच आहे. दिवसाअखेर रोकड व खतावणी यांचा मेळ घातल्याशिवाय जुना कारकून कुलूप लावीत नसे, आणि मोठी रक्कम दोन सह्यांशिवाय जात नसे. ‘बाहेर गेलेली रक्कम व मूळ हिशेबातील नोंद यांचा मेळ सुटीच्या दिवशीसुद्धा सतत घातला जावा, आणि तो न जमल्यास व्यवहार आपोआप थांबावेत’ हे कलम त्या जुन्या शिस्तीचेच नवे रूप होय. अभ्यासकांनी म्हणूनच सुचविले आहे की प्रामाणिक ग्राहक प्रणाली कशी वापरील याबरोबर चोर ती कशी वापरील, हेही आवश्यकतांमध्येच लिहावे. भिंतीची उंची मोजताना चोराची शिडी मोजावीच लागते. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये दिली, म्हणजे या दरोड्यानंतर दोन महिन्यांनी.

येथवर बाहेरच्या शत्रूचा विचार झाला. परंतु श्रमिकांच्या दृष्टीने अधिक घातक प्रकार तो, ज्यात शत्रू कोणीच नसतो आणि यंत्र स्वतःच चुकते. ब्रिटनच्या टपाल खात्यात ‘होरायझन’ नावाची हिशेब-प्रणाली १९९९ पासून बसविण्यात आली. ती पुरविणारी कंपनी फुजित्सू. गावोगावची छोटी टपाल कार्यालये चालविणाऱ्या उपटपालप्रमुखांच्या हिशेबात या प्रणालीतील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरावयाची होती. कोणी घर गहाण टाकून भरली, कोणी नातेवाइकांकडून उसने घेऊन भरली. ज्यांना भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसांना शिक्षा झाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य खटले टपाल कंपनीने स्वतःच चालविले होते. यांत भारतीय वंशाचे दुकानदारही पुष्कळ होते. २०१० साली एका गरोदर भारतीय वंशाच्या स्त्रीला १५ महिन्यांची शिक्षा होऊन तुरुंगात जावे लागले.

हा अन्याय इतकी वर्षे का टिकला? कारण यंत्र चुकू शकते, हे गृहीतच धरलेले नव्हते. इंग्लंडमध्ये १९९९ च्या एका कायद्याने जुने बंधन रद्द झाले, आणि संगणक नीटच चालत होता असे न्यायालये मानू लागली. तो चुकला हे दाखविण्याचा बोजा आरोपीवर आला. त्या आरोपीला तर प्रणालीच्या आतल्या नोंदी पाहण्याचा मार्गच नव्हता. कंपनीचे कर्मचारी दूर बसून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते, आणि टपाल कंपनी हे वर्षानुवर्षे नाकारीत राहिली. अखेर ॲलन बेट्स या उपटपालप्रमुखाने २००९ साली पीडितांची संघटना बांधली. ५५५ जणांनी मिळून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निर्णय दिला. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागाने १३ आत्महत्यांशी या प्रकरणाचा संबंध असण्याची शक्यता नोंदविली आहे.

या प्रकरणातून मागणीपत्राचे एक मोठे कलम निघते. जो माणूस यंत्राच्या हिशेबाला जबाबदार धरला जाईल त्याला त्या हिशेबाची प्रत्येक नोंद, ती कोणी व केव्हा केली यासह, पाहता आली पाहिजे. तिला हरकत घेता आली पाहिजे. आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत त्याच्याकडून वसुली होता कामा नये. यंत्र बरोबर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकाची असावी. ही मागणी जितकी न्यायाची आहे तितकीच ती अभियांत्रिकीचीही आहे. कारण ज्या प्रणालीत चूक दाखवून देणाऱ्यालाच गुन्हेगार ठरविले जाते, त्या प्रणालीतील चूक कधीच दुरुस्त होत नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला या साऱ्याचा पडताळा घेण्यासाठी लांब जावयास नको. रास्त भावाच्या दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र असते. वीटभट्टीवर किंवा शेतात राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्याचा ठसा यंत्राला पटत नाही. डोंगराळ पाड्यावर जाळे मिळत नाही. कधी सर्व्हरच बंद असतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, आणि त्याने दिलेला धान्याचा हक्क माणसाला दिलेला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी न जोडल्याच्या कारणाने तिच्या कुटुंबाचे शिधापत्रक रद्द झाले होते. मृत्यू भुकेने झाल्याचे सरकारने नाकारले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्रीय अन्न विभागाने राज्यांना लेखी कळविले की ठसा जुळला नाही अथवा जाळे मिळाले नाही एवढ्या कारणाने कोणालाही धान्य नाकारू नये, कागदपत्र पाहून ते द्यावे व वेगळ्या नोंदवहीत तशी नोंद करावी. हे कलम उत्तम आहे. पण ते यंत्र बसविण्याच्या आधी यावयास हवे होते. आणि ती नोंदवही आपल्या गावच्या दुकानात आहे काय, तिच्यात गेल्या महिन्यात किती नोंदी झाल्या, हे प्रत्येक शाखेने जाऊन पाहिले पाहिजे.

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला असा की हे तज्ज्ञांचे काम आहे, सामान्य माणसाला त्यात काय कळते? कुलूप कोणत्या प्रकारचे असावे हे तज्ज्ञाने ठरवावे. परंतु कुलूप अडकले तर आत कोण कोंडले जाईल, हे त्या खोलीत राहणाऱ्यालाच अधिक चांगले कळते. दुसरा आक्षेप असा की या गोष्टी उघड केल्या तर हल्लेखोरांचे फावेल. कुलपांची रचना गुप्त राहू द्यावी. पण कोणती सेवा किती वेळात पूर्ववत होईल हे वचन गुप्त ठेवण्यासारखे त्यात काहीच नाही. २०२२ च्या निर्देशानुसार असे हल्ले ६ तासांच्या आत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळवावे लागतात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काय सांगावयाचे, याविषयी त्या निर्देशात काही नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. वेगळी प्रत ठेवणे, पर्यायी मार्ग ठेवणे, सराव करणे यांना पैसा लागतो. पण खर्च टाळला तर तो नाहीसा होत नाही. तो रुग्णाच्या खेपेत, शिधाधारकाच्या बुडालेल्या रोजगारात व कारकुनाच्या जादा तासांत वाटला जातो, एवढेच. शिवाय दिल्लीचे रुग्णालय दोन आठवडे हाताने चालले ते हाताने काम करू शकणारी माणसे तेथे होती म्हणून. यंत्र आले म्हणून त्या जागा रद्द केल्या, तर पुढच्या हल्ल्याच्या वेळी कागद असेल आणि लिहिणारा नसेल. पुरेशी कर्मचारीसंख्या हे देखील टिकाऊ यंत्रणेचे एक कलम आहे. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाविषयी करार केला तेव्हा यंत्रांची संख्या व नोकऱ्यांचे संरक्षण यांवर भर होता, आणि त्या काळात तो योग्यच होता. आज यंत्र येऊ द्यावे की नाही हा प्रश्न मागे पडला आहे. ते बिघडल्यावर काय व्हावे, हा प्रश्न संघटनांच्या मागणीपत्रात अजून यावयाचा आहे.

मित्रहो, काम ठोस आहे. जिल्हा रुग्णालय, महानगरपालिका, सहकारी बँक, शिधावाटप, वीज मंडळाची कंपनी यांपैकी एक यंत्रणा प्रत्येक शाखेने निवडावी. सरकारी यंत्रणा असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तिच्या संगणक-प्रणालीचा आवश्यकता-दस्तऐवज मागावा. सहकारी बँक असल्यास सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे. त्यात पाच गोष्टी शोधाव्यात. प्रणाली बंद पडल्यास कोणत्या सेवा चालू राहतील व किती वेळात. हाताने काम करण्याची पद्धत कोणती व तिचा सराव शेवटचा केव्हा झाला. माहितीची वेगळी प्रत कोठे आहे व ती परत वापरून पाहिली काय. चुकीच्या नोंदीला हरकत कोठे घ्यावयाची. आणि नुकसान झाल्यास भरपाई कोणी करावयाची. यांतील जी कलमे सापडणार नाहीत ती तेथील कर्मचारी, रुग्ण, सभासद व शिधाधारक यांच्याबरोबर बसून लिहून काढावीत आणि पुढची निविदा निघण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावीत. निविदा निघून गेल्यावर काढलेल्या मोर्चाला मिळते ते आश्वासन. त्या आधी लिहून दिलेले कलम करारात जाऊ शकते.